अमेरिकेत रेल्वेची मेन लाइन कायमची बंद कशी होते : अटी, कागदपत्रे आणि मुदती

युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न या दोन बड्या मालवाहू रेल्वे कंपन्यांनी जुलै २०२५ मध्ये एकत्र येण्याची घोषणा केली. अशा वेळी रुळांलगतच्या गावांनी विचारायचा पहिला प्रश्न असतो : आपली लाइन राहणार का? कंपनीच्या मनात आले म्हणून लाइन बंद करता येत नाही. त्यासाठी वॉशिंग्टनच्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाची परवानगी लागते. १९९६ पूर्वी हे काम इंटरस्टेट कॉमर्स कमिशनकडे होते. सायडिंग (मुख्य रुळाला जोडलेले बाजूचे रूळ) आणि यार्डातल्या रुळांना मात्र ही परवानगी लागत नाही.

आधी एक फरक नीट समजून घ्या. गाड्या बंद करणे वेगळे आणि लाइन सोडून देणे, म्हणजे ती कायमची मोडीत काढणे, वेगळे. कोलोराडोतली टेनेसी पास लाइन रॉकी पर्वतात तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर चढते. १९९६ साली युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक एक झाल्या आणि त्याच डोंगरातल्या मोफॅट बोगद्याच्या लाइनसह ती युनियन पॅसिफिकच्या हाती आली. बोर्डाने टेनेसी पासवरून जाणारी थ्रू (म्हणजे तिथे माल न चढवता-उतरवता आरपार जाणारी) वाहतूक थांबवू दिली, पण लाइन सोडून देण्यास नकार दिला. १९९७ पासून तिथे थ्रू मालगाडी नाही, तरी रूळ बहुतांशी जागेवर आहेत.

पात्रता

रीतसर अर्ज करायचा तर कंपनीला ती लाइन आपल्या नकाशात ‘तीन वर्षांत सोडण्याची शक्यता’ या गटात किमान ६० दिवस आधी दाखवावी लागते. विरोध नोंदवायला अर्जापासून ४५ दिवस मिळतात आणि निर्णय ११० दिवसांत येतो. ज्या लाइनवर थोडाफार माल आहे, तिथे कंपन्या बहुधा सवलतीची, म्हणजे या रीतसर प्रक्रियेतून सूट मागणारी, याचिका करतात.

खरी मेख आहे ती दोन वर्षांच्या सवलतीत. दोन वर्षांत त्या तुकड्यावर स्थानिक माल चढला-उतरला नसेल, थ्रू माल दुसऱ्या लाइनने नेता येत असेल आणि सेवा बंद झाल्याची कोणा ग्राहकाची तक्रार बोर्डापुढे पडून नसेल किंवा मान्य झालेली नसेल, तर कंपनी नुसती सूचना दाखल करते. विलीनीकरणानंतर समांतर लाइन घरचीच झाली, की दुसरी अट सहज भागते. एके काळी दिवसाला डझनावारी एक्स्प्रेस धावल्या, हा इतिहास या हिशेबात धरलाच जात नाही. म्हणून मला मनापासून सांगावेसे वाटते : गावात एखादे धान्य कोठार, एखादी गिरणी रेल्वेने माल पाठवत असेल, तर तिला जपा. वर्षाकाठी आलेले चार वॅगनांचे बिलसुद्धा जपून ठेवा. वॅगन मागूनही मिळाली नाही, तर बोर्डाकडे लेखी तक्रार त्याच वेळी करा, दोन वर्षे उलटण्याची वाट पाहू नका.

कंपनीने द्यायची कागदपत्रे

लाइनचा मैलांच्या खुणांसह नकाशा, स्थानिक वाहतूक नसल्याचे शपथेवरचे निवेदन, पर्यावरण अहवाल आणि ऐतिहासिक अहवाल. शेवटचे दोन किमान २० दिवस आधी संबंधित खात्यांकडे जावे लागतात. ऐतिहासिक अहवालात ५० वर्षांपेक्षा जुने पूल, स्टेशने आणि बोगदे यांचे फोटो व माहिती असते आणि तो राज्याच्या वारसा अधिकाऱ्याकडे जातो. हा अहवाल मागवून वाचा. गावच्या पुलाचे वर्णन त्यात दोन ओळींत उरकलेले असेल, तर आक्षेपाला जागा आहे. दाखल केलेली माहिती खोटी निघाली, तर सवलत मुळापासून रद्द होते. कामगारांच्या संरक्षणाच्या अटीही लागू होतात : नोकरीवर परिणाम झालेल्यांना जास्तीत जास्त सहा वर्षांपर्यंत भरपाई मिळू शकते.

गावाला काय करता येते

सूचना फेडरल रजिस्टरमध्ये (केंद्र सरकारच्या राजपत्रात) छापून आली की सवलत ३० दिवसांनी लागू होते. पण तुमच्या हाती तेवढे दिवस नाहीत. रुळांच्या जागी पायवाट करण्यासाठी विनंती करायची किंवा लाइन विकत वा अनुदानावर चालवायचा इरादा कळवायचा, तर मुदत १० दिवसांचीच आहे. लाइन चालवू इच्छिणाऱ्याला आर्थिक ऐपत दाखवावी लागते. किमतीवर एकमत झाले नाही, तर बोर्ड किंमत ठरवून देते.

पायवाटेचा पर्याय १९८३ च्या कायद्याने आला. नगरपालिका किंवा संस्था देखभाल, कर आणि दायित्व स्वीकारते आणि पुढे रेल्वे परत आल्यास जागा सोडण्याचे मान्य करते. त्याला कंपनीची संमती हवीच. वाटाघाटींना वर्षभर मिळते आणि जमिनीचा पट्टा अखंड राहतो.

पट्टा तुटला की काय होते, ते न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना घराजवळ पाहता येईल. १९११ साली सुरू झालेला लॅकावाना कटऑफ हा रेल्वेमार्ग एरी आणि लॅकावाना कंपन्यांच्या १९६० च्या विलीनीकरणानंतर आणि पुढे कॉनरेल या रेल्वे कंपनीच्या काळात मागे पडला. १९७९ मध्ये थ्रू गाड्या थांबल्या, १९८४ मध्ये रूळ उखडले आणि जमीन खासगी हातात गेली. या मार्गावरचा पॉलिनस्किलचा काँक्रीटचा पूल झाडोऱ्यात उभा राहिला. २००१ साली राज्य सरकारने तीच जमीन पैसे मोजून परत घेतली आणि आता अँडोव्हरपर्यंतच्या पहिल्या काही मैलांवर पुन्हा रूळ टाकण्याचे काम हाती घेतले आहे.