ऑस्ट्रेलियातील आदिवासी आणि न झालेला करार

न्यूझीलंडमध्ये ब्रिटिशांनी १८४० साली माओरींशी वाइतांगीचा करार केला. कॅनडातही मूळ रहिवाशांशी अनेक करार झाले. ऑस्ट्रेलियात मात्र ब्रिटिश राजवटीने एकही केला नाही. १८३५ मध्ये जॉन बॅटमन या वसाहतकाराने स्वतःच्या पातळीवर आजच्या मेलबर्नच्या परिसरात ब्लँकेटं, सुऱ्या, आरसे, पीठ असा माल देऊन आदिवासींकडून जमिनीचे कागद करून घेतले. सौदा अन्यायाचाच होता. पण गव्हर्नर बर्क यांनी तो रद्द केला तो आदिवासींची फसवणूक झाली म्हणून नव्हे. जमीन ब्रिटिश राजसत्तेची, ती विकायचा हक्क आदिवासींना मुळात नाहीच, अशी भूमिका त्यामागे होती. इंग्रज येण्याआधी ही भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती, हे गृहीतक सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढलं ते थेट १९९२ मध्ये, माबो खटल्यात.

संसदेत आपला माणूस असावा, ही मागणीही जुनीच. सत्तरी ओलांडलेले आदिवासी नेते विल्यम कूपर यांनी ती मांडणाऱ्या, ब्रिटिश राजाकडे पाठवायच्या अर्जावर १,८१४ सह्या जमवल्या. सरकारने तो अर्ज लंडनला पाठवलाच नाही. २६ जानेवारी १९३८ रोजी वसाहतीची दीडशे वर्षं साजरी होत असताना सिडनीत आदिवासींनी शोकदिन पाळला. केंद्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क सर्वांना मिळायला १९६२ उजाडलं, आणि पहिला आदिवासी सिनेटर, नेव्हिल बॉनर, १९७१ मध्ये सभागृहात गेला.

त्यानंतर सरकारने प्रातिनिधिक संस्था काढल्या आणि सरकारनेच बंद केल्या. एक १९७३ ची, दुसरी १९७७ ची. या दुसरीने १९७९ मध्ये कराराची मागणी केली. १९८५ मध्ये तीही गुंडाळली गेली. १९९० मध्ये स्थापन झालेला अ‍ॅटसिक हा आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासीयांचा आयोग २००५ मध्ये संपला. माझ्या मते कराराच्या आग्रहाचं मूळ इथे आहे: सरकारच्या मर्जीवर जगणाऱ्या संस्थेवर भरवसा ठेवायचा तरी कसा?

१९८८ मध्ये बरुंगा इथे पंतप्रधान बॉब हॉक यांच्या हाती एक फलक देण्यात आला. मधोमध टंकलिखित मागण्या आणि भोवती आदिवासी चित्रकारांची चित्रं. हॉक यांनी करार करण्याचं वचन दिलं. करार झाला नाही. डिसेंबर १९९१ मध्ये पायउतार होताना त्यांनी तो फलक संसद भवनात लावला.

आदिवासी प्रतिनिधींच्या २०१७ च्या उलुरू निवेदनाने संसदेला सल्ला देणारी आदिवासींची संस्था, म्हणजे त्यांचा ‘आवाज’, राज्यघटनेतच नोंदवा, असं सुचवलं. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात साठ टक्के मतदारांनी ते फेटाळलं, सहाही राज्यांत.

त्यामुळे वाट राज्यांकडे वळली. क्वीन्सलंडने आपला करार-कायदा २०२४ मध्ये मागे घेतला. व्हिक्टोरियाने मात्र २०१९ पासून निवडून येणाऱ्या आदिवासी सभेशी वाटाघाटी करून नोव्हेंबर २०२५ मध्ये देशातला पहिला करार केला. तिथल्या विरोधी पक्षांनी सत्तेवर आल्यास या करारामागचा कायदा रद्द करू, असं जाहीर केलं आहे.