घंटा किती सेकंद वाजावी?

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये भारतातल्या मोबाइलच्या घंटा अचानक तोकड्या झाल्या. खिशातून फोन काढेपर्यंत तो गप्प. काहींनी हँडसेटला दोष दिला असेल, पण भानगड कंपन्यांमध्ये चालली होती. जिओने घंटेचा वेळ २० सेकंदांवर आणला होता. त्यावर एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने आपली घंटा २५ सेकंदांवर आणली. शेवटी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे 'ट्राय'ला आदेश काढावा लागला : मोबाइल ३० सेकंद वाजेल, लँडलाइन ६० सेकंद.

पाच-दहा सेकंदांवरून एवढं रामायण का? तर त्या काळी एका कंपनीचा कॉल दुसरीच्या ग्राहकापर्यंत पोहोचला, की पहिली कंपनी दुसरीला मिनिटाला ६ पैसे देत असे. ज्याच्याकडून कॉल निघाला त्याने पैसे द्यायचे, ज्याच्याकडे पोहोचला त्याने घ्यायचे. आता घंटा लवकर थांबली तर काय होतं? कॉलचा 'मिस्ड कॉल' होतो. समोरचा उलट फोन करतो. कॉलची दिशा फिरते आणि तिच्याबरोबर ६ पैशांचीही. जिओ मुद्दाम हे करते आहे असा प्रतिस्पर्ध्यांचा आरोप होता. जिओला तो मान्य नव्हता. पण 'मी मिस्ड कॉल देतो, तू कर' ही आपली घरगुती युक्ती कंपन्यांच्या हिशेबात शिरली होती, हे खरं.

दूरसंचाराची बाजारपेठ खुली करणं म्हणजे परवाने वाटणं, अशी आपली समजूत असते. खरी मेख दोन जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात त्या सांध्यात असते.

समजा, गावात १०० फोन आहेत. कुणीही कुणालाही फोन करू शकत असेल तर ४,९५० जोड्या होतात. आता एक जुनी कंपनी ९० फोनांची आणि एक नवी १० फोनांची, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नाही असं धरा. जुनीकडे ४,००५ जोड्या उरतात, नवीकडे फक्त ४५. नव्या कंपनीचं यंत्र कितीही उत्तम असो, दर निम्मा असो, तिच्या ग्राहकाला नऊच माणसांशी बोलता येणार. शहाणा माणूस तिचा फोन घेणार नाही. म्हणजे जुन्या कंपनीला काही वाईट करायचीही गरज नाही. सांधा नाकारला की पुरे. अमेरिकेत हे घडून गेलं आहे. १८९४ मध्ये बेलच्या मूळ पेटंटांची मुदत संपल्यावर शेकडो स्वतंत्र कंपन्या उभ्या राहिल्या, पण त्या बेलच्या जाळ्याशी जोडलेल्या नसत. मग दुकानदार भिंतीवर दोन-दोन फोन टांगत. दूरच्या कॉलसाठी स्वतंत्र कंपन्यांना जोडून घ्यायला बेलची कंपनी एटी अँड टी १९१३ मध्ये तयार झाली, तीही सरकारी दबावाखाली.

सांधा दिला, पण अरुंद दिला, तर? इथे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणिती एर्लांग भेटतो. एका वेळी एकच कॉल जाईल अशा किती वाटा असल्या तर किती कॉल अडकतील, याचं सूत्र त्याने १९१७ मध्ये मांडलं. एका जोडणीत ३० वाटा आहेत आणि सरासरी ३० कॉल एका वेळी येत आहेत, म्हणजे बरोबर जमलं, असं वाटतं. पण लोक रांगेत उभे राहून फोन करत नाहीत. कधी २० येतात, कधी ४०. एर्लांगच्या सूत्रानुसार अशा वेळी सुमारे १३ टक्के कॉल परत जातात. हजारात पाचच अडकावेत असं हवं असेल, तर त्या ३० वाटांवर सरासरी १९ च कॉल सोडता येतात. गंमत पुढेच आहे. वाटा दुप्पट, म्हणजे ६० केल्या तर कॉल ३८ नव्हे, जवळजवळ ४५ पेलतात. मोठ्या जाळ्याला मोठेपणाचाच फायदा मिळतो.

'हजारात पाच' हा आकडा मी सहज घेतलेला नाही. कंपन्यांमधल्या जोडणीसाठी ट्रायचा निकष तोच आहे. २०१६ मध्ये जिओ आली तेव्हा तिचे कॉल दुसऱ्या जाळ्यांच्या दारात प्रचंड प्रमाणात अडकू लागले. पुरेशा वाटा देत नाहीत, ही जिओची तक्रार. फुकट कॉलचा एकतर्फी लोंढा आमच्यावर सोडला, हे जुन्यांचं उत्तर. ट्रायने तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली.

आपल्याकडे हे सारं १९९४ च्या धोरणापासून सुरू झालं. तेव्हा शंभर माणसांमागे ०.८ फोन होता आणि सुमारे २५ लाख अर्ज प्रतीक्षायादीत. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. दर मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास, आणि आलेल्या कॉललाही पैसे. सरकारने परवाने दिले, पण खेळाडू आणि पंच दोन्ही तेच. ट्राय आली १९९७ मध्ये. हा क्रम उलटा हवा होता, असं माझं मत. कंपन्यांनी बोली लावताना हात सैल सोडला आणि ठरीव शुल्क भरताना त्यांची दमछाक झाली. म्हणून १९९९ च्या धोरणाने शुल्काऐवजी महसुलातला वाटा घ्यायला सुरुवात केली.

पण सामान्य माणसाच्या हाती फोन खऱ्या अर्थाने आला तो १ मे २००३ नंतर. त्या दिवसापासून कॉल करणाऱ्याने पैसे द्यायचे असं ठरलं आणि इनकमिंग फुकट झालं. फुकट म्हणजे ग्राहकाला. त्याच्या कंपनीला समोरच्या कंपनीकडून पैसे मिळतच होते. मिनिटाला आधी ३० पैसे, २००९ मध्ये २०, २०१५ मध्ये १४. नुसतं 'हॅलो' म्हणणारा, महिन्याला दहा-वीस रुपयांचं रिचार्ज करणारा ग्राहकही त्यामुळे कंपनीला परवडत होता. त्याला येणारा प्रत्येक कॉल तिच्यासाठी मिळकत होती.

१ ऑक्टोबर २०१७ ला हा दर १४ वरून ६ पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ ला शून्य. दुसऱ्याच्या जाळ्यावर जास्त कॉल पाठवणाऱ्या नव्या कंपनीचा खर्च वाचला आणि बोलणं जवळपास फुकट झालं. घंटेच्या भांडणातही मग अर्थ राहिला नाही. पण फक्त ऐकणाऱ्या ग्राहकाकडून मिळणारे पैसेही त्याबरोबर आटले. २०१८ च्या अखेरीस जुन्या कंपन्यांनी महिन्याला ३५ रुपयांचं किमान रिचार्ज आणलं. त्यामागे दरयुद्धाचा तोटा हेही कारण होतं, पण दर १४ वरून ६ पैशांवर आल्याचा हिशेबही त्यात होताच. रिचार्ज नाही केलं, तर काही दिवसांनी इनकमिंगसुद्धा बंद. गावाकडे मुलांच्या फोनची वाट पाहण्यापुरता मोबाइल ठेवणाऱ्या आजीला इनकमिंगचे पैसे पुन्हा भरावे लागू लागले, फक्त ते आता मिनिटावर नाहीत, महिन्यावर आहेत.