दोन डब्यांची जोडी कुठून आली

कॅसेटच्या काळात आमच्याकडे, बीड-परभणीच्या पट्ट्यात, स्पीकर माठावर बसवायची रीत होती. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमधला किंवा जुन्या जीपमधला स्पीकर काढायचा, पाझरायला लागलेला माठ घ्यायचा, त्याच्या तोंडावर स्पीकर उताणा ठेवायचा आणि कडेच्या फटी चिंध्यांनी बुजवायच्या. हातात धरला तर नुसता किरकिरणारा तोच स्पीकर माठावर बसला की भजनातला मृदंग घुमायला लागायचा. माठ आवाज वाढवतो, असं सगळे म्हणायचे. खरं तर माठ आवाज कोंडतो, आणि घरगुती स्पीकरचा इतिहास या कोंडण्याभोवतीच फिरतो.

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंनी एकमेकांच्या उलटे आवाज निघतात. स्पीकर मोकळा असेल तर मागचा आवाज कडेने वळून पुढे येतो आणि पुढच्याला मारतो. बारीक आवाज त्यातून वाचतात. खर्जातले मरतात, कारण त्यांच्या लाटा पंधरा-वीस फूट लांब असतात. वीतभर स्पीकरला वळसा घालणं त्यांना काहीच नाही.

अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली चुंबकातल्या तारेच्या गुंडाळीने पडदा हलवणारा स्पीकर मांडून दाखवला. आजचे बहुतेक सगळे स्पीकर त्याच वंशातले.

मराठवाड्याला मात्र आवाज भेटला तो उंचावरून आणि एकाच ठिकाणाहून. निजामाच्या राजवटीत हैदराबादसोबत औरंगाबादलाही रेडिओ केंद्र होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि १९५० साली हे केंद्र आकाशवाणीकडे गेलं. १९६८ मध्ये परभणी केंद्र सुरू झालं आणि आमच्या बोलीतला आवाज घराघरात आला. मध्यम लहरींवरचा हा रेडिओ एकाच स्पीकरचा. तो देवळीत किंवा फडताळावर असायचा आणि खाली ओसरीवर माणसं बसायची. बाहेर जत्रेत, सप्ताहात भोंगा. थोड्या वॅटमध्ये शिवारापर्यंत ऐकू जावं, हे भोंग्याचं काम, आणि ते तो चोख करतो. आवाज म्हणजे लांब पोचणारी गोष्ट, ही आमची समज तिथून घडली. मी तिला चूक म्हणणार नाही. पाऊसपाण्याचा अंदाज आणि बाजारभाव ऐकायला तेच हवं होतं.

घरातला डबा, म्हणजे पेटीत बसवलेला स्पीकर, वेगळ्या गरजेतून जन्मला. लंडनमध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ॲलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांच्या, म्हणजे स्टिरिओ, आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कानांना किंचित वेगळं ऐकू येतं म्हणूनच आवाज कुठल्या बाजूचा ते कळतं, हे त्यामागचं मूळ. ब्लुमलाइन १९४२ साली विमान अपघातात गेले. स्टिरिओ तबकड्या सर्रास दुकानात आल्या त्या १९५८ च्या सुमाराला. त्यांनी एक अडचण उभी केली: चांगला खर्ज हवा तर स्पीकरची पेटी कपाटाएवढी लागायची, आणि आता एका खोलीत अशा दोन पेट्या कुठे ठेवायच्या?

त्याचं उत्तर चार वर्षं आधीच तयार होतं. एडगर विल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवत. हेन्री क्लॉस हा त्यांचा विद्यार्थी. दोघांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च कंपनी काढली. विल्चर यांची कल्पना अशी, की पडद्याची बांधणी मुद्दाम सैल ठेवायची आणि पेटी हवाबंद करायची. मग आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी पडद्याला जागेवर आणते. फळीवर मावणाऱ्या पेटीतून कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज निघाला. आमच्या माठाचं हे शास्त्रशुद्ध रूप, असं म्हणायला मला आनंद होतो. पण याची किंमत होती. असा स्पीकर तेवढ्याच वॅटमध्ये हळू वाजतो. भोंगा थोड्या ताकदीत जोर देतो. हा स्पीकर जोर सोडून खर्ज मिळवतो. असा फळीवर मावणारा, म्हणजे बुकशेल्फ, स्पीकर घेऊन त्याच्याकडून वरातीचा आवाज मागणाऱ्यांनी हा एक मुद्दा लक्षात ठेवला तरी कितीतरी ट्वीटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) जळायचे वाचतील.

पुढे ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात हवाबंद नसलेल्या, हवेला वाट देणारं भोक असलेल्या पेटीचं गणित बसवलं. सत्तरच्याच दशकात बीबीसीने बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा एलएस ३/५ए नावाचा छोटा स्पीकर तयार केला. आज मिळणाऱ्या बहुतेक जोड्यांना भोक असतं, पुष्कळदा मागच्या बाजूला. म्हणून त्या भिंतीला चिकटवल्या की खर्ज फुगतो; निदान फूटभर पुढे ओढाव्या लागतात.

जोडणीतल्या चुकाही अशाच वारशाने आल्या. मंडपवाले शंभर व्होल्टच्या लाइनवर एकामागून एक भोंगे जोडत जातात. प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून ते चालतं आणि बारीक वायरही पुरते. घरच्या ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला ट्रान्सफॉर्मर नसतो. अशा दोन जोड्या समांतर लावल्या की ॲम्प्लिफायरला प्रत्येक बाजूला ४ ओहमच दिसतात, आणि तो त्यासाठी बनवलेला नसेल तर तापून बसतो. वायरही इथे दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी.

खोलीचाही इतिहास आहे. माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती, वर लाकडी किलचण, कोपऱ्यात ज्वारीची पोती. आवाज तिथे मुरायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या लोकांचा दगडमातीच्या भिंतींवरचा विश्वास उडाला, तो का हे सांगायला नको. स्लॅबची, फरशीची घरं आली. ती मजबूत आहेत, पण रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर झणझणते.

लातूरला मामांनी मागच्या वर्षी जोडी घेतली. एक डबा गोदरेजच्या कपाटावर, दुसरा टीव्हीच्या शोकेसमध्ये. फोनवर म्हणाले, "अरे, या दोन डब्यांपेक्षा आपला माठ बरा होता की रं." गेलो तेव्हा आधी पेन्सिल सेल मागितला. ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवून सेलची अधिक बाजू तांबड्या वायरला, उणे काळ्याला, क्षणभर टेकवली. एका डब्याचा पडदा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. म्हणजे एका डब्याची वायर उलटी. एक पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा आणि मृदंग मधल्यामध्ये मरायचा. मोकळ्या स्पीकरचं होतं तेच. वायर सरळ केली. डबे खाली उतरवले, एकमेकांपासून सहा फुटांवर आणि मामांच्या बैठकीपासूनही तेवढ्याच अंतरावर. मामा सतरंजीवर बसतात, सोफ्यावर नाही, म्हणून ट्वीटर जमिनीपासून अडीच फुटांवर येईल असे पाट खाली घातले. मामीने मागच्या भिंतीवर जुनी वाकळ टांगू दिली.

मग भजन लावलं. मामा डोळे मिटून बसले आणि थोड्या वेळाने हाताने दाखवायला लागले: बुवा मधे, बाजाची पेटी इकडं, टाळकरी तिकडं.