सेफ्टीची पदवी घेतली की सेफ्टी ऑफिसर? एक खुलासा

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: कुठल्याही शाखेची पदवी घ्या, वर सेफ्टीची मास्टर्स करा, की कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. तसं नाही.

महाराष्ट्राच्या 1982 च्या सेफ्टी ऑफिसर नियमांत तीन गोष्टी एकत्र लागतात. आधी मूळ शिक्षण आणि अनुभव: इंजिनिअरिंगची पदवी असेल तर 2 वर्षं; डिप्लोमा किंवा फिजिक्स किंवा केमिस्ट्रीची बीएस्सी असेल तर 5 वर्षं. मग राज्य सरकारने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका. आणि बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. बीकॉमवाला इथे पहिल्याच पायरीवर अडकतो, मास्टर्स कितीही महागडी असो.

खरी गोची होते अनुभवाच्या दाखल्यात. तो अनुभव कारखान्यातला, तोही सुपरवायझर म्हणून लागतो. ‘आमच्याकडे 5 वर्षे काम केले’ एवढ्यावर भागत नाही. हुद्दा, विभाग, तारखा हव्यात.

ही अट उगाच नाही. फाउंड्रीत लॅडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, नीट तापवून कोरडं केलेलं नसेल आणि त्यात सुमारे 1400 अंशांचा लोखंडाचा रस पडला, तर भांड्याच्या आतल्या अस्तरातल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आकारमान हजार पटींहून जास्त वाढतं आणि रस उसळतो. ओलं अस्तर ओळखायला भट्टीजवळ उभं राहिलेलं असावं लागतं.

फी भरण्याआधी संस्थेकडून मान्यतेचं पत्र मागा. ‘आंतरराष्ट्रीय’ सर्टिफिकेट म्हणजे ही मान्यता नव्हे.