रिव्हॉल्व्हर का पिस्तूल: हातात जोर कमी असेल तर तो कुठं लागतो ते आधी बघा

आपल्याकडं सगळ्यालाच पिस्तूल म्हणतात. पेपरात "गावठी पिस्तूल जप्त" छापून येतं अन् फोटोत बघावं तर एका गोळीचा कट्टा असतो, आणि आमचे मामा, ज्यांच्या कपाटात चांगलं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आहे, ते पण "माझं पिस्तूल" असंच म्हणतात. बोलताना चालून जातं ते. घेताना मात्र ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि हात दुखणाऱ्या माणसाला तर फारच वेगळ्या.

मामा केज तालुक्यात शेतातल्या घरी राहतात, वय ६९, उजव्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात, लोणच्याच्या बरणीचं झाकण मामी उघडून देती. जुनी बारा बोअरची बंदूक खांद्याला लावणं होईना म्हणून छोटं हत्यार घ्यायचं ठरलं, रीतसर परवाना, सगळं कायदेशीर. दुकानदारानं बघितलं अन् लगेच म्हणला, "काका, हातात जोर नाही ना, मग रिव्हॉल्व्हर घ्या, सोपं असतं." हे वाक्य मी दहा जणांकडून ऐकलंय अन् ते अर्धंच खरंय.

खरं एवढंच की रिव्हॉल्व्हरला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागंपुढं सरकणारा भाग) नसती. पिस्तुलात मॅगझिन (गोळ्यांची डबी) आत सारलं तरी पहिली गोळी चेंबरमधे (नळीच्या मागच्या तोंडात) जायला वरची स्लाइड जोर लावून मागं ओढावी लागती, आणि आपल्याकडं साध्या परवान्यावर मिळतं ते .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) पिस्तूल, त्यातली स्लाइड गोळी सुटताना फक्त स्प्रिंगच्या अन् स्वतःच्या वजनाच्या जोरावर थांबलेली असती, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावीच लागती. नऊ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमधे जातं. लोकांना वाटतं बारकं पिस्तूल म्हणजे हलकं काम, पण बारक्यातच बऱ्याचदा स्लाइड जास्त घट्ट असती अन् धरायला जागाही कमी.

पण मग रिव्हॉल्व्हरमधे तो जोर गेला कुठं? तो ट्रिगरमधे गेला. रिव्हॉल्व्हरचा नुसता ट्रिगर ओढला की त्याच एका ओढीत सिलिंडर (गोळ्या भरलेलं गोल चाक) फिरतं, घोडा (काडतुसावर आपटणारी हातोडी) मागं जातो अन् पडतो, आणि हे सगळं तुमचं एक बोट करतं. ह्याला डबल अ‍ॅक्शन म्हणतात, अन् असा ट्रिगर साधारण साडेचार-पाच किलोचा असतो, म्हणजे दर गोळीला एका बोटानं पाच किलोची पिशवी ओढल्यासारखं, सहा गोळ्या तर सहा वेळा. पिस्तुलाला मोठा जोर एकदाच लागतो, सुरुवातीला, तोही दोन्ही हातांनी, पुढं स्लाइडचं काम गोळीच करती.

म्हणून "जोर कमी आहे" एवढ्यावर काही ठरत नाही, कुठला जोर कमी आहे ते विचारा. अंगठा, चिमूट, मूठ ह्यात दुखत असेल अन् तर्जनी ठीक असेल तर रिव्हॉल्व्हर बरं. मूठ अन् दंड शाबूत पण बोटात ताकद नाही, बोट थरथरतं, तर पिस्तूल बरं, कारण स्लाइड ओढायला बोट लागतच नाही खरं तर. लोक दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड धरतात म्हणून ती हलत नाही. पूर्ण पंजा वरून टाकायचा, पिस्तूल पोटाजवळ घ्यायचं, आणि स्लाइड मागं ओढायच्या ऐवजी उजव्या हातानं पिस्तूलच पुढं ढकलायचं, स्लाइडवरचा हात नुसता घट्ट थांबवायचा. मामीनं दुकानात रिकाम्या पिस्तुलावर हे दुसऱ्या झटक्यात केलं, मामा बघतच राहिले! (हे करताना नळीचं तोंड शेजारच्याकडं वळतं, सगळ्यांचंच वळतं, तिकडं लक्ष पाहिजे, अन् बोट ट्रिगरच्या बाहेर.)

आणि मामीचं रिव्हॉल्व्हर? दोन वेळा ट्रिगर ओढला, तिसऱ्याला दुसऱ्या हाताचं बोट लावलं.

इथं कुणीतरी म्हणणारच की घोडा आधी अंगठ्यानं मागं ओढून ठेवा, मग ट्रिगर दीड-दोन किलोवर येतो. येतो की. पण अंगठा दुखणाऱ्यानं तो ओढायचा कसा, अन् समजा ओढला आणि गोळी नाही झाडायची, तर तोच घोडा अंगठ्यानं हळू खाली सोडायचा, त्यात अंगठा निसटला की बार उडालाच. माझ्या मते मामांसारख्या हातासाठी हा प्रकार बादच समजावा.

पिस्तुलाचं अजून एक दुखणं आहे जे दुकानात कळतच नाही. मनगट ढिलं असलं तर गोळी सुटल्यावर स्लाइड पूर्ण मागं जात नाही अन् रिकामं काडतूस मधेच अडकतं, मग परत ओढा स्लाइड, तेही घाबरलेल्या हातानं. रिव्हॉल्व्हरला मनगटाचं काही घेणंदेणं नाही, एखादं काडतूस फुसकं निघालं तरी परत ट्रिगर ओढा, पुढचं काडतूस समोर येतं. मॅगझिनमधे गोळ्या भरायलाही अंगठा लागतो, शेवटच्या दोन तर नाकी नऊ आणतात, पण ते काम घरी निवांत बसून होतं, लोडर मिळतं त्याला. आपल्याकडचं सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर तर जुन्या वेब्ली ह्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या पद्धतीचं, खटका दाबून मधून दुमडलं की रिकामी काडतुसं आपोआप वर येतात. फक्त तो खटका अंगठ्यानं दाबून बघा आधी.

वजनाचंही बघा. २०१४ ला कानपूरच्या कारखान्यानं "निर्भीक" रिव्हॉल्व्हर काढलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं, सव्वा लाखाच्या आसपास, बायकांसाठी म्हणून गाजलं. पर्समधे बरंय ते, पण हत्यार जितकं हलकं तितका त्याच गोळीचा झटका हाताला जास्त, आणि ट्रिगर काही वजनासोबत हलका होत नाही. दुखऱ्या सांध्याला थोडं जड, मूठभर धरता येणारंच बरं. अमेरिकेत २०१८ पासून मुद्दाम सोप्या स्लाइडचं शील्ड ईझी पिस्तूल मिळतं, नळी वर उचलून थेट गोळी घालायची बेरेटाची टॉमकॅट आहे, पण ते व्हिडिओ बघून हळहळण्यात अर्थ नाही, आपल्याला इथल्या दुकानातलंच घ्यायचंय.

आणि .३२ म्हणलं की झालं असं नाही. रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस लांब अन् कडेला चांगली रिंग असलेलं, पिस्तुलाचं बुटकं. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, चुकीचा डबा आणला तर परत चकरा.

दुकानात करायची परीक्षा साधी आहे: रिकामं आहे हे स्वतः बघून, भिंतीकडं तोंड करून, रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर सहा वेळा ओढा, नळी डुलली नाही पाहिजे. पिस्तुलाची स्लाइड पाच वेळा. आणि हे सकाळी करा, संधिवाताचा हात सकाळीच खरं सांगतो. मामांनी सहाच्या सहा ओढले, तोंड वाकडं केलं पण ओढले, रिव्हॉल्व्हर घेतलं. कुलपात असतं ते, कमरेला लावून मिरवायचे दिवस तर गेलेच, आमच्या बीडमधे २०२४ च्या शेवटापासून परवान्यांचा विषय गाजला अन् कितीतरी रद्द झाले, वर २०१९ च्या दुरुस्तीनं लग्नात हवेत बार काढला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड.

आता पुढच्या वर्षी मामा ७० चे. २०१६ च्या नियमांप्रमाणं परवानाधारक सत्तरीला आला की वारसाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, आणि वारसात बायकोही येती. मामेभाऊ पुण्यात फ्लॅटमधे, तो म्हणला मला घरात नको. मामी म्हणली मग माझ्या नावावर करा, शेतात रात्री एकटी मीच असते. करता येईल, पण परवान्यासोबत येणार ते मामांच्या बोटाला जमलेलं रिव्हॉल्व्हर, अन् मामीला जमतं ते पिस्तूल.