डॉटकॉमचे दिवाळे : तोटा कुठला, लबाडी कुठली

सोलापुरात आयटी पार्क व्हावे ही मागणी नवी नाही. शिकलेली पोरे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात आणि तिकडचीच होऊन राहतात, हे दुखणे इथल्या घराघरातले आहे. पण विषय निघाला की जुने गुंतवणूकदार हटकून विचारतात, या कंपन्यांचा भरवसा काय? २००० साली डॉटकॉमवाल्यांनी, म्हणजे इंटरनेटवर धंदा थाटलेल्या कंपन्यांनी, पैसे बुडवलेच ना?

प्रश्न रास्त आहे. फक्त त्यात दोन वेगळे प्रकार एकत्र झाले आहेत. त्या काळात बंद पडलेल्या बहुतेक कंपन्या धंदा न जमल्यामुळे बंद पडल्या. काहींनी मात्र हिशेब खोटे लिहिले. सगळ्यांना एकाच मापाने मोजले की खरे दोषी गर्दीत सुटून जातात, आणि तसे झालेही आहे.

१५ ऑगस्ट १९९५ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले आणि १९९८च्या अखेरीस खासगी सेवादारांना दारे उघडली गेली. डायल-अप आणि सायबर कॅफेचा तो काळ वाचकांना आठवत असेलच. इथे महत्त्वाची आहेत ती पुढची तीन वर्षे. नोव्हेंबर १९९९मध्ये भारतीय संकेतस्थळांच्या एका समूहासाठी ४९९ कोटी रुपयांचा सौदा जाहीर झाला आणि वर्तमानपत्रांची पहिली पाने त्याने भरली. अमेरिकेत नॅस्डॅक या शेअर बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८वर बंद झाला. ९ ऑक्टोबर २००२ला तोच १,११४वर होता. चढत्या काळात नुसते नाव बदलले तरी भाव वाढत असे. नावात डॉटकॉम घेतलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या एका अभ्यासात, घोषणेच्या आसपासच्या दहा दिवसांत त्यांच्या शेअरनी बाजारापेक्षा सुमारे ७४ टक्के जास्त परतावा दिल्याचे दिसले. कंपनीचा इंटरनेटशी संबंध किती, याने त्यात फरक पडला नव्हता. आपल्याकडेही इन्फोटेक, सॉफ्टवेअर अशी शेपटे लावून घेण्याची लाट आली होती.

आधी प्रामाणिक अपयशांबद्दल. पाळीव प्राण्यांचे खाद्य ऑनलाइन विकणारी एक अमेरिकी कंपनी फेब्रुवारी २०००मध्ये शेअर बाजारात आली आणि नोव्हेंबरात बंद झाली. ती खरेदीपेक्षा कमी दराने माल विकत होती. घरपोच किराणा देणाऱ्या दुसऱ्या कंपनीने पुरेसे ग्राहक मिळण्याआधीच स्वयंचलित गोदामांसाठी तब्बल १०० कोटी डॉलरचा करार केला, आणि जुलै २००१मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. हे गणित चुकलेले होते, पण लपवलेले नव्हते. तोटा शेअरविक्रीच्या कागदपत्रांत छापलेला होता आणि लोकांनी तरीही शेअर घेतले. अशा प्रवर्तकांना आज लुटारू म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

लबाडी कुठे सुरू झाली हे समजायला विक्रीच्या आकड्याकडे यावे लागते. या कंपन्यांना नफा नव्हता, त्यामुळे भाव ठरवायला नफ्याचा आधार घेता येईना. मग विक्रीच्या इतक्या पट, असे मोल लावले जाऊ लागले. साहजिकच विक्री किती दाखवायची यावर सगळे येऊन ठेपले. वाद इथेच पेटला.

आपल्या बाजार समितीतला कांद्याचा अडत्या घ्या. शेतकऱ्याचा एक लाखाचा कांदा त्याने विकून दिला. पट्टी एक लाखाची झाली, पण अडत्याची कमाई अडतीपुरतीच. त्याने बँकेला 'माझी विक्री एक लाख' असे लिहून दिले तर मॅनेजर ते मान्य करणार नाही. मात्र त्याच माणसाने कांदा स्वतः विकत घेतला, चाळीत ठेवला, सडला तर स्वतःचा सडला आणि नंतर एक लाखाला विकला, तर ती पूर्ण विक्री त्याचीच. मालाची जोखीम कोणावर आणि गिऱ्हाइकाला जबाबदार कोण, या दोन गोष्टींवर फरक ठरतो.

विमानाची तिकिटे विकणारी एक बडी संकेतस्थळ कंपनी तिकिटाची पूर्ण किंमत आपली विक्री म्हणून दाखवत होती. तिचे म्हणणे असे : तिकीट काही काळ आमच्या मालकीचे होते, कोणाची मागणी स्वीकारायची ते आम्ही ठरवतो, म्हणजे व्यापारी आम्हीच. टीकाकार म्हणत होते की गिऱ्हाइकाची मागणी आल्याशिवाय कंपनी तिकीट घेतच नाही, मग जोखीम कसली? दोन्ही बाजूंना हिशेबतज्ज्ञ होते. जोखीम आणि जबाबदारी पाहून निवाडा करण्याचे अमेरिकी हिशेबनियम २०००च्या मध्याला स्पष्ट झाले, पण तोवर निर्देशांकाचे शिखर मागे पडले होते. तिकीट कंपनी पुढे टिकली आणि खूप मोठी झाली. म्हणून पूर्ण किंमत दाखवणारा प्रत्येक जण लबाड होता असे म्हणता येत नाही. नियम ढिला होता आणि त्या ढिलाईचा फायदा घेतला गेला, इतके नक्की.

दुसरा प्रकार जाहिरातींच्या अदलाबदलीचा. दोन संकेतस्थळांनी एकमेकांची जाहिरात लावायची आणि दोघांनीही तेवढ्या रकमेची विक्री दाखवायची. रोख एक पैसाही हललेला नाही. जानेवारी २०००पासून अट आली : आधीच्या सहा महिन्यांत तशीच जाहिरात रोख पैसे घेऊन विकली असेल, तरच अदलाबदलीची रक्कम विक्रीत धरता येईल. मग काहींनी रोख पैसाच गोल फिरवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या घरांच्या जाहिरातींच्या एका संकेतस्थळाने पुरवठादारांना गरज नसलेल्या सेवांसाठी पैसे दिले आणि तेच पैसे फिरून त्याच्याकडे जाहिरातीची विक्री म्हणून परत आले. २००१च्या अखेरीस हे बाहेर आले आणि काही अधिकाऱ्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. असल्या फेऱ्यांत सापडलेल्या, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या इंटरनेट कंपनीने जाहिरात उत्पन्न फुगवल्याच्या आरोपांवर २००५मध्ये ३० कोटी डॉलर दंड भरला. इथे ढिल्या नियमाची सबब चालत नाही. हा ठरवून केलेला बनाव होता.

शेअर विकणाऱ्यांवर माझा राग यापेक्षा जास्त आहे. गुंतवणूक बँकांचे विश्लेषक बाहेर 'घ्या' सांगत होते आणि आतल्या ईमेलमध्ये त्याच शेअरला कचरा म्हणत होते. एप्रिल २००३मध्ये दहा मोठ्या दलाली संस्थांनी सुमारे १४० कोटी डॉलर मोजून हे प्रकरण मिटवले.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. इथे आधी हिशेबापेक्षा भाव फुगवले गेले. मुंबईच्या एका दलालाने सॉफ्टवेअर, दूरसंचार आणि माध्यम कंपन्यांचे दहाएक शेअर उचलून धरले. त्यांचे भाव टर्मिनलवर चढताना लहान शहरांतल्या सबब्रोकरांच्या खोल्यांतूनही दिसत होते. मार्च २००१मध्ये भाव कोसळले आणि अहमदाबादची एक सहकारी बँक त्या दलालाला दिलेल्या पे-ऑर्डरसकट (बँकेने स्वतःच्या हमीवर काढलेल्या धनादेशांसकट) बुडाली. सोलापूरसारख्या शहराचा व्यवहार सहकारी बँका आणि पतसंस्थांवर चालतो. त्यामुळे डॉटकॉमचा एकही शेअर न घेतलेल्या ठेवीदारालाही घोर लागला. पुढच्याच महिन्यात नागरी सहकारी बँकांना शेअरच्या तारणावर कर्ज देण्यास मनाई झाली. २ जुलै २००१ रोजी निवृत्तांच्या आवडत्या सरकारी युनिट योजनेची पुनर्खरेदी, म्हणजे युनिट परत देऊन पैसे घेण्याची सोय, सहा महिन्यांसाठी थांबवल्याचे जाहीर झाले. तिच्या पैशांतूनही हेच शेअर घेतलेले होते. शिक्षकांनी, गिरणीतून बाहेर पडलेल्या कारकुनांनी सुरक्षित म्हणून ठेवलेली ती पुंजी होती. संसदेच्या संयुक्त समितीचा अहवाल डिसेंबर २००२मध्ये आला. दलालावर १४ वर्षांची बाजारबंदी आली ती त्याच्या पुढच्या वर्षी.

हिशेबाची लबाडी आपल्याकडे उघडी पडली ती ७ जानेवारी २००९ला. हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कळवले की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर कुटुंबांचे नातेसंबंध हैदराबादपर्यंत पोचलेले, त्यामुळे ही बातमी इथे लांबची नव्हती. १९९९चा ४९९ कोटींचा सौदा याच कंपनीच्या उपकंपनीने केला होता. त्या सौद्याची किंमत अवाच्या सवा होती, पण ती उघड होती. २००९चा खड्डा दडवलेला होता. एप्रिल २०१५मध्ये अध्यक्षांसह आरोपी दोषी ठरले.

विक्रीचा जुना वाद त्यानंतरही संपला नाही. ऑनलाइन बाजारपेठा चालवणाऱ्या कंपन्या बातम्यांत मालाच्या एकूण किमतीचा आकडा देतात आणि हिशेबातल्या विक्रीत फक्त अडत धरतात. बंगळूरच्या शिकवणी कंपनीचे २०२०-२१चे हिशेब सप्टेंबर २०२२मध्ये आले, तेव्हा तोटा ४,५८८ कोटी रुपये निघाला. फी आली त्या दिवशी सगळी उत्पन्नात धरायची की अभ्यासक्रमाच्या मुदतीवर पसरायची, हा प्रश्न त्यामागे होता. जुलै २०२४मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मुलांसाठी कर्जाच्या हप्त्यांवर हे अभ्यासक्रम घेणारे पालक लहान शहरांतही होते, आणि त्यांना या हिशेबाशी काही देणेघेणे नव्हते.

नफ्याचा इतिहास नसलेल्या कंपनीची समभाग विक्री आली तर आज किमान तीन चतुर्थांश हिस्सा मोठ्या संस्थांनी घ्यावा लागतो आणि किरकोळ गुंतवणूकदाराला जास्तीत जास्त १० टक्के मिळतो. लहान माणसाला दाराबाहेर ठेवले, अशी तक्रार या नियमाबद्दल होते. मला नियम योग्य वाटतो, पण तो अपुरा आहे, कारण नोंदणीनंतर बाजारातून शेअर घ्यायला कोणतीच मर्यादा नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये पेमेंट ॲप चालवणाऱ्या कंपनीचा शेअर मोठ्या संस्थांनी २,१५० रुपयांना उचलला होता; पहिल्याच दिवशी तो २७ टक्क्यांहून जास्त घसरला. शेअर बाजारात नोंदणी न झालेल्या स्टार्टअपचे वार्षिक हिशेब मात्र कंपनी निबंधकाकडे दाखल होतात आणि थोडे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. आयटी पार्कात जागा मागणाऱ्या कंपन्यांचे हे कागद महापालिकेने आणि जिल्हा प्रशासनाने आधी मागवून पाहावेत. दाखवलेल्या विक्रीतली रोख किती आली, याचा अंदाज त्यांतून येतो.