शेतीच्या ट्रॅक्टरमधील सुरक्षा-सोयी

ट्रॅक्टर उलटणे, फिरत्या दांड्यात अंग किंवा कपडा अडकणे, गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर अवचित चालू पडणे आणि रस्त्यावर मागून धडक बसणे, या चार प्रमुख धोक्यांपासून चालकाला व आसपासच्या माणसांना वाचवण्यासाठी यंत्राच्या रचनेतच ज्या योजना केलेल्या असतात, त्यांना ट्रॅक्टरच्या सुरक्षा-सोयी म्हणतात. यांतील कोणती सोय आधी पाहावी, हे जमिनीच्या ठेवणीवर अवलंबून असते. त्यामुळे सपाट, कोरडवाहू प्रदेशातील शेतकऱ्याची निवड कोकणपट्टीतील शेतकऱ्याला जशीच्या तशी उपयोगी पडत नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यातील शेती मुख्यतः मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या तालुक्यांत आहे. येथे भाताची लहान खाचरे असतात, एका खाचरातून दुसऱ्यात जाताना बांध ओलांडावा लागतो, आणि खाचरांच्या वर नाचणी-वरईची वरकस जमीन उताराने चढत जाते. अरुंद खाचरात वळता यावे म्हणून येथे लहान आणि कमी रुंदीच्या ट्रॅक्टरला पसंती मिळते. मात्र दोन चाकांतील अंतर जितके कमी, तितका ट्रॅक्टर बाजूला कलंडण्याची शक्यता अधिक. त्यामुळे येथील खरेदीदाराने अश्वशक्तीच्या आधी चाकांतील अंतर विचारायला हवे. प्रत्यक्षात मात्र पहिला प्रश्न अश्वशक्तीचाच असतो आणि दुसरा हप्त्याचा. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये मागच्या चाकांच्या तबकड्या उलटसुलट बसवून हे अंतर कमी-जास्त करता येते. चिखलणी संपल्यावर वरकसावर किंवा ट्रॉलीच्या कामावर जाण्यापूर्वी ते वाढवून घेणे हा फारसा खर्च नसलेला उपाय आहे.

ट्रॅक्टर दोन प्रकारे उलटतो. बाजूला उलटण्याची कारणे म्हणजे उतार, बांधाची खचणारी कड आणि वेगात घेतलेले वळण. वळणावर वेग दुप्पट झाला, तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. मागे उलटणे अधिक घातक ठरते, कारण ते फार झटकन घडते. इंजिन मागची चाके पुढे फिरवू पाहते. चाके चिखलात रुतून अडली असतील, तर तोच जोर आसाभोवती ट्रॅक्टरचे धूड वर उचलतो. पुढची चाके जमीन सोडल्यानंतर सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परत खाली येण्याच्या पलीकडे गेलेला असतो आणि दीड सेकंदाच्या आसपास तो पूर्ण पालथा होतो. तेवढ्या अवधीत क्लच दाबण्याचे भान राहील, असे कितीही सराईत चालकाबद्दल म्हणता येणार नाही. रुतलेल्या चाकाला ओंडका किंवा फळी बांधून ट्रॅक्टर पुढे काढण्याची जी रीत आषाढात सर्रास दिसते, ती या दृष्टीने सर्वांत धोक्याची आहे. रुतलेला ट्रॅक्टर शक्य असल्यास उलट्या गिअरमध्ये मागे घ्यावा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा. ओझे नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढदांड्यालाच जोडावे. टॉप लिंकच्या (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा आसाच्या वर साखळी बांधली, तर ओढीचा जोर ट्रॅक्टरचे नाक वर उचलतो. मागे जड अवजार असताना पुढच्या आसावर एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहावा, यासाठी पुढे बसवायची वजने मिळतात. ती ट्रॅक्टरसोबत येतात की वेगळी विकत घ्यावी लागतात, हे खरेदीच्या वेळीच विचारावे.

उलटल्यानंतर चालकाला वाचवणारी सोय एकच आहे: रोल बार, म्हणजे आसनामागे किंवा आसनाभोवती उभी केलेली पोलादी चौकट. ती ट्रॅक्टरचे उलटणे थांबवत नाही. उलटताना बसणारा मार स्वतः वाकून सोसते आणि चालकाभोवती जिवंत राहण्याइतकी जागा राखते. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर ही चौकट सक्तीची केली आणि तेथे उलटण्याने होणारे मृत्यू पुढच्या काही दशकांत अगदी थोड्यांवर आले. आपल्याकडे मात्र असंख्य ट्रॅक्टर रोल बारविनाच शेतात उतरतात. पाऊस-उन्हासाठी नळ्यांवर बसवलेले छत म्हणजे रोल बार नव्हे. गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतलेली चौकटही त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण तिचे पोलाद, सांधे आणि बोल्ट यांची चाचणी झालेली नसते. चाचणी झालेल्या चौकटीलाही भोक पाडले किंवा वेल्डिंगचा डाग दिला, तर तिची ताकद घटते, आणि एकदा उलटून वाकलेली चौकट सरळ करून पुन्हा वापरायची नसते. रोल बार आणि आसनपट्टा यांची जोडी आहे. बार उभा असताना पट्टा बांधलाच पाहिजे, कारण न बांधल्यास चालक बाहेर फेकला जाऊन त्याच बारखाली चिरडू शकतो. बार नसेल किंवा आमराईत फांद्यांखालून जाण्यासाठी तो दुमडलेला असेल, तर पट्टा बांधू नये, कारण तेव्हा तो चालकाला ट्रॅक्टरखालीच जखडून ठेवतो.

ब्रेकच्या बाबतीत भातशेतीचा विचार वेगळा करावा लागतो. कोरड्या डिस्क ब्रेकमध्ये पाणी आणि गाळ शिरल्यास पकड ढिली पडते. तेलात बुडालेले ब्रेक बंद पेटीत असल्याने चिखलणीनंतरही ते काम देतात. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकासाठी दोन वेगळी ब्रेक-पेडल असतात, कारण खाचराच्या टोकाला एकच चाक अडवून जागेवर वळता येते. रस्त्यावर येताना ही पेडल कडीने एकत्र अडकवावी लागतात. कडी सुटी राहून वेगात एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर गर्रकन वळून कलंडतो. डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला लावणारी कळ, हाही असाच: रुतल्यावर उपयोगी, पण तो लागलेला असताना ट्रॅक्टर वळण नीट घेत नाही. पाय काढताच तो सुटतो की अडकून राहतो, हे चालवून पाहावे.

रोटाव्हेटर, मळणी यंत्र किंवा पंप चालवणारा पीटीओ दांडा, म्हणजे इंजिनची शक्ती अवजाराला पोचवणारा दांडा, साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. हा दांडा ३५ मिलिमीटर जाडीचा असतो; त्यात पदराचे किंवा गमछ्याचे टोक अडकले, तर पहिल्या सेकंदातच जवळजवळ एक मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. झोडणीच्या दिवसांत यंत्राजवळ पेंढ्या देणाऱ्या बहुधा बायकाच असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पीटीओच्या टोकावर धातूचे झाकण आणि जोडदांड्यावर साखळीने अडकवलेली प्लास्टिकची नळी असते. नळी मोकळी राहून आतला दांडाच फिरला पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरवर ही दोन्ही आवरणे ग्रीस भरताना काढलेली आणि कायमची हरवलेली आढळतात.

क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर मोकळा असल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा सुरक्षा-स्विच आता अनेक नव्या ट्रॅक्टरांत असतो. बॅटरी उतरली की खाली उभे राहून पान्याने स्टार्टरची टोके जोडण्याची खोड त्यालाही निकामी करते. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर मग समोरच्या माणसाच्या अंगावर जातो. यासाठी स्टार्टरच्या टोकांवर आवरण आहे का, तेही पाहावे.

नवी मुंबईत वस्तीपुढे शेती मागे हटली असली, तरी ट्रॅक्टर नाहीसा झालेला नाही. तो पाण्याचा टँकर किंवा बांधकामाचा राडारोडा ओढतो. भिवंडी-शहापूरकडे तो विटा वाहतो. अशा वेळी त्याचा सर्वांत मोठा दोष मंदगती हा असतो. मागून येणाऱ्या कंटेनरला ट्रॉली वेळेत दिसावी म्हणून ट्रॉलीच्या मागे लाल दिवे, रिफ्लेक्टर आणि वळणाचे दिवे हवेत, ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवा आणि जोडणीच्या पिनेला सुरक्षा-साखळीची जोड हवी. कसारा किंवा माळशेजसारखा घाट भरल्या ट्रॉलीने न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणे होय. मडगार्ड हे आसन नाही. चालकाखेरीज ट्रॅक्टरवर कोणालाही बसवण्यास वाहतुकीचे नियम मनाई करतात, जरी लग्नसराईत त्याचे भान कोणालाच नसते.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरच्या प्रारूपांची चाचणी घेऊन अहवाल देते. त्यात ओढ आणि इंधनखर्चाबरोबरच ब्रेक, आवाज आणि कंपन यांच्या चाचण्याही असतात, म्हणून विक्रेत्याकडे माहितीपत्रकाऐवजी हा अहवाल मागावा. जुना ट्रॅक्टर घेताना अहवालापेक्षा हात आणि डोळे अधिक उपयोगी पडतात: पेडलांची कडी जागेवर आहे का, पीटीओचे झाकण आहे का, सुरक्षा-स्विचची तार कापून जोडलेली तर नाही ना, आणि रोल बारच्या मुळाशी रंगाखाली डाग दिल्याची खूण दिसते का.